'स्पष्ट' बोलायचं की 'कानावर घालायचं'?

पानगळ: डॉक्टरांसाठीच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय. आजार बरा होणारा नसेल तर रुग्णाशी 'कँडिड' बोला, असं त्यात आहे. मी 'स्पष्टपणे बोला' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी खोडलं. म्हणाल्या, "आपल्याकडे 'स्पष्टच सांगते' म्हटलं की पुढे भांडण ठरलेलं." पटलं. परखड, सडेतोड, रोखठोक, सगळ्यांनाच धार. खरं आणि तेही मायेनं, असं सांगणारा शब्द आहे का?

गवतीचहा: मोकळेपणाने?

पानगळ: मोकळेपणाने माणूस स्वतःच्या मनातलं बोलतो. इथे दुसऱ्याच्या जिवाचं सांगायचंय.

दप्तर: शब्द सापडणार कसा? 'न ब्रूयात् सत्यमप्रियम्' हेच आपण घोकत आलो.

जुनीवही: अर्धाच श्लोक सांगू नका. मनुस्मृतीत लगेच पुढे 'प्रियं च नानृतं ब्रूयात्' आहे. गोड वाटावं म्हणून खोटंही बोलायचं नाही.

उंबरठा: आमच्याकडे राजापुरात वाईट बातमी 'कानावर घालतात'. आजोबांच्या वेळी डॉक्टर आईला म्हणाले, "आता घरी न्या, हवं ते खायला द्या." आईला वाटलं पथ्य सुटलं. येताना हापूसची पेटी घेऊन आली. अकराव्या दिवशी आजोबा गेले, पेटीत सहा आंबे तसेच होते. मला धारेचा शब्द चालेल. 'साफ सांगा' लिहा.

जुनीवही: 'साफ' अरबी. 'निर्भीडपणे' हा आपला शब्द असताना कशाला?

गवतीचहा: निर्भीड माणूस सत्तेपुढे बोलतो, खाटेवरच्या माणसापुढे नाही. 'आडपडदा न ठेवता' कसं वाटतं?

जुनीवही: पडदा फारसी.

दप्तर: मग 'निर्भीड' तरी कुठे सोवळा? मराठी 'भीड' आणि मागे संस्कृत 'निर्'. फारसी 'बे' जोडून 'बेधडक' झाला, तसाच हा.

जुनीवही: संस्कृत उपसर्ग आणि फारसी उपसर्ग एका पंगतीत बसवू नका.

गवतीचहा: 'विश्वासात घेऊन सांगा'! आमची आजी हेच म्हणायची. जवळ बसवून सांगणं त्यात आलं.

दप्तर: त्यात गुपिताचा वास येतो. चारचौघांना कळू न देता सांगितल्यासारखं.

उंबरठा: त्या वेळी आईला कुणी तसंही सांगितलं नाही. त्या अकरा दिवसांत ती दोनदा बाजारात गेली. कळलं असतं तर त्यांच्याजवळ बसली असती.

पानगळ: शुक्रवारी पुस्तिका छापायला जाते. सध्या 'विश्वासात घेऊन, आडपडदा न ठेवता' असं लिहिलंय. वाक्य लांबलंय.

जुनीवही: 'पडदा' तेवढा काढा.

दप्तर: काढू नका. आणि 'बेधडक'मधल्या 'धडक'बद्दल बोलायचं राहिलंच.