बाबांच्या लुडोला सगळ्यांचे नंबर कशाला हवेत?

नाशिककर
बाबा रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी फोनवर लुडो खेळतात, ते पण एकटेच, समोर कॉम्प्युटर. गेल्या आठवड्यात गेम अपडेट झाला आणि उघडल्या उघडल्या काय काय विचारायला लागला, बाबांच्या डोळ्यावर चष्मा नव्हता, ते ओके ओके करत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जुन्या साहेबांचा फोन, "काय हो, मला लुडो खेळायला बोलावताय?" बाबा एवढे ओशाळले की दोन दिवस गेमला हात लावला नाही, त्याचाच मला जास्त राग आलाय. आता हे बंद कसं करायचं, आणि केलं तर गेम चालेल ना? फोनचंही अपडेट आलंय, सेटिंगमध्ये एक गोष्ट जागेवर सापडत नाहीये.

रात्रपाळी
सेटिंगमध्ये शोधत बसू नका. गेमच्या आयकॉनवर बोट दाबून धरा, ॲप इन्फो येईल, त्यात परमिशन्स, मग कॉन्टॅक्ट्स, तिथे डोन्ट अलाऊ. एकट्याने खेळायला कॉन्टॅक्ट लागतच नाहीत, गेम चालेल. २०१५ च्या अँड्रॉइड ६ च्या आधी हे सगळं इन्स्टॉल करतानाच द्यावं लागायचं, नाहीतर ॲप मिळायचंच नाही, आता निदान एकेक काढून घेता येतं. पण एक लक्षात घ्या, जे नंबर आधीच त्यांच्या सर्व्हरवर गेले असतील ते याने परत येत नाहीत, त्यासाठी गेममधलं अकाउंट डिलीट करायला टाका. नुसता गेम अनइन्स्टॉल करून अकाउंट जात नाही.

पुण्याची मावशी
बाबांना सांगा त्यांची काही चूक नाही. माझ्याकडेही असाच एक गेम होता, "मित्रांना बोलवा" हे मोठं हिरवं बटण आणि त्याच्याखाली फिकट राखाडी अक्षरात "आत्ता नको". आत्ता नको म्हणजे उद्या परत विचारणार, "कधीच नको" असं बटणच नाही! याला डार्क पॅटर्न म्हणतात आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यावर नियम काढलेत, एकूण १३ प्रकार आहेत, सारखं सारखं विचारून भंडावणं हाही त्यातलाच एक. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवता येते, स्क्रीनशॉट मात्र काढून ठेवा.

ठाणे ते जर्सी
दुसरी बाजू पण सांगतो. मी ठाण्यात, भाऊ न्यू जर्सीत, २०२० च्या लॉकडाउनपासून आमचा रविवारचा लुडो चुकत नाही, ओळखीचं माणूस पटकन सापडावं म्हणून कॉन्टॅक्ट दिले तर काय बिघडलं?

रात्रपाळी
अहो पण तुम्ही भावाशीच खेळता ना, मग रूम कोड, म्हणजे तुमच्या डावात यायचा कोड, पाठवला की झालं. एका भावासाठी फोनमधला दूधवाला, डॉक्टर, मुलीच्या शाळेतल्या बाई, सगळ्यांचे नंबर द्यायचे? त्यांना कुणी विचारलंय?

ठाणे ते जर्सी
हे खरं, दुसऱ्याच्या नंबरचा विचार मी केला नव्हता.

नाशिककर
झालं, आभार! कॉन्टॅक्ट बंद केले, तिथेच मायक्रोफोनही चालू सापडला, तोही काढला, गेम मस्त चाललाय. अकाउंट डिलीट करायला टाकतोय पण तो पर्याय प्रोफाइलच्या आत, हेल्पच्या आत, पार तळाशी सापडला. बाबांनी साहेबांना स्वतः फोन करून सांगितलं की तो मेसेज मी पाठवला नव्हता. आता आईचा फोन घेतो, तिच्याकडे शब्दकोडी आहेत.