घरातला हिरवा कोपरा : कोल्हापूरकरांचे अनुभव

घरात रोपांसाठी छोटीशी जागा करावी, असे अनेकांच्या मनात असते. परंतु रोपवाटिकेत तजेलदार दिसलेले रोप बैठकीच्या खोलीत आल्यावर महिन्याभरात माना का टाकते, हे तेथे कोणी सांगत नाही. म्हणून या धाग्यात केवळ रोपांच्या नावांच्या याद्या नकोत. आपला कोपरा घराच्या कोणत्या बाजूला आहे, तेथे ऊन कधी येते आणि पावसाळ्यात तेथे काय होते, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

शाहूपुरी, तिसरा मजला
उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही, असे सर्वत्र वाचायला मिळते; पण कोल्हापुरात ते वर्षभर लागू पडत नाही. आपले शहर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला राहतो. माझ्या उत्तरेच्या खिडकीत मे महिन्यात सकाळचे तिरपे ऊन शिरते आणि पीस लिलीच्या पानांच्या कडा करपू लागतात, त्यामुळे पावसाचे ढग दाटेपर्यंत मी ती कुंडी खिडकीपासून दोन हात आत ठेवते. डिसेंबरात उलट दक्षिणेच्या खिडकीतले ऊन पार सोफ्यापर्यंत पोचते, तेव्हा स्नेक प्लांट तिकडे जातो. कोपरा बारा महिने एकाच जागी असावा, हा हट्ट सोडला की निम्मे काम झाले. कुंड्यांखाली चाकांचे पाट घेतले आहेत. पाटांचा खर्च रोपांपेक्षा जास्त झाला, पण तो वसूल झाला.

मंगळवार पेठ, जुने घर
आमच्या सोप्यात उजेड येतो तो दरवाजातून आणि छपरातल्या काचेच्या एकुलत्या एका कौलातून. त्या कौलाखाली पडणारा उन्हाचा चौकोन सकाळी भिंतीवर असतो, दुपारी शहाबादी फरशीवर उतरतो आणि नंतर कोनाड्याकडे सरकतो. अग्लोनिमा आणि झीझी ही रोपे मी त्या वाटेच्या कडेला, चौकोन अंगावर येणार नाही अशा बेताने मांडली आहेत. सासूबाईंचे जुने तांब्याचे घंगाळ कुंडी म्हणून वापरावे, असे घरात सर्वांचे मत होते. त्याला भोक पाडणे मात्र कोणालाच मान्य नव्हते. म्हणून रोप साध्या प्लास्टिकच्या कुंडीत आहे आणि ती कुंडी घंगाळात, तळाशी विटेचा तुकडा ठेवून बसवली आहे. तुळस परड्यातच आहे. तिला भरपूर थेट ऊन लागते, सोप्यात ती टिकणार नाही.

रुईकर कॉलनी
घरात रांगते मूल आणि मांजर आहे, म्हणून एक सूचना. वर आलेली पीस लिली, अग्लोनिमा आणि झीझी, शिवाय मनी प्लांट व डिफेनबेकिया, या सर्वांमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते आणि सूज येते. आमच्याकडे खालच्या फळीवर स्पायडर प्लांट आणि अरेका पाम आहेत, मनी प्लांट कपाटावर आहे.

राजारामपुरी
रोपे घरातील हवा शुद्ध करतात, या समजुतीविषयी थोडे. तिचे मूळ ‘नासा’च्या १९८९ सालच्या अभ्यासात आहे, पण ते प्रयोग बंदिस्त पेट्यांमध्ये झाले होते. २०१९ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. घरात एरवी जी हवा खेळते, तिच्याइतके काम रोपांकडून करून घ्यायचे झाल्यास दर चौरस मीटरला १० ते १००० रोपे लागतील, असा त्याचा निष्कर्ष होता. तेव्हा खिडकी उघडावी आणि रोपे आवडतात म्हणून ठेवावीत.

फुलेवाडी, पश्चिमेची गॅलरी
शाहूपुरीच्या ताईंनी उन्हाचे लिहिले, मी पावसाचे लिहितो. जुलैत आमच्या गॅलरीत वाऱ्याबरोबर झड थेट आत येते आणि दोरीवरचे कपडेसुद्धा वाळत नाहीत, तेथे कुंडीतली माती काय वाळणार? त्या दिवसांत बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून पाहतो आणि ओल लागली तर पाणी देत नाही. नुसती लाल माती पावसाळ्यात घट्ट बसते, म्हणून तीत कोकोपीट आणि जाडी वाळू मिसळली आहे. मातीच्या कुंडीच्या अंगातून ओल बाहेर पडते, त्यामुळे ज्यांचा हात पाण्याला सैल आहे त्यांनी तीच घ्यावी. पिठ्या ढेकूण पानाच्या देठाच्या बेचक्यात कापसाच्या कणांसारखा दिसतो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने तो टिपून काढता येतो, मात्र दर आठवड्याला पुन्हा पाहावे लागते, कारण पिल्ले नजरेला पडत नाहीत.

धागाकर्ता
साखर कारखान्याच्या प्रेसमडचे, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाचे, खत घरात चालेल का, असे दोघांनी विचारले आहे. पूर्ण कुजलेले असेल तर चालते, आणि लहान कुंडीला मूठभर पुरते. हातात घेतल्यावर ते कोमट लागत असेल किंवा खोलीत वास येत असेल, तर ते अजून कुजायचे आहे. पोते गच्चीवरच राहू द्यावे.