ऑस्ट्रेलिया: ॲडलेड ते उलुरू गाडीने जावं की विमानाने? (चार मित्र, ऑगस्ट)

सातपूरकर

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं शाळेपासूनचे मित्र, नाशिकचे, पन्नाशी ओलांडलेले. ऑगस्टचा पहिला पंधरवडा ठरतोय. कारण आमच्यातल्या एकाची पिंपळगावला द्राक्षबाग आहे आणि ऑक्टोबर छाटणीच्या धावपळीआधी त्याला घरी यायचंय. ढोबळ मार्ग असा: मेलबर्न, ग्रेट ओशन रोड, ॲडलेड, उलुरू (वाळवंटातला तो प्रचंड दगड), शेवटी सिडनी.

घोडं अडलंय ते ॲडलेड-उलुरू टप्प्यावर. मी आणि द्राक्षवाला म्हणतो गाडीने जाऊ. डॉक्टर म्हणतो, 'वाळवंटात गाडी बंद पडली तर मला पेशंट म्हणून तुम्हीच मिळणार, मी विमानाने येतो.' चौथा सीए आहे, शाकाहारी. अंडंही नाही. तो म्हणतो, वाटेत खायला काय मिळणार ते आधी सांगा, मग मत देतो. कोणी हा रस्ता केलाय का?

गंप्या_सिडनी

सरळ विमान घ्या. ॲडलेड ते उलुरू जवळजवळ 1,600 किमी आहे. म्हणजे नाशिकहून निघून दिल्ली ओलांडून चंदीगड गाठायचं, आणि पोर्ट ऑगस्टा मागे पडलं की गाव म्हणावं असं एकच. ते दिवस सिडनीला द्या. मॅन्लीची फेरीबोट, ब्लू माउंटन्स, किनाऱ्याकिनाऱ्याने चालणं, बघायला कमी नाही. एवढा पैसा खर्चून यायचं आणि स्टिअरिंग धरून बसायचं, हे मला तरी पटत नाही.

मळलेली_वाट

गंप्याचं अंतराचं गणित बरोबर, निकाल चुकीचा. मी ॲडलेडला राहतो आणि भारतातून मित्र आले की हा रस्ता होतोच. विमानाने गेलात तर उतरल्यावर बस, मग सूर्यास्त बघायच्या पार्किंगमध्ये गर्दी, झालं. वाईट नाही. पण तो 348 मीटरचा दगड किती एकटा आहे हे कळायला आधी दोन-तीन दिवस सपाट जमीन डोळ्यांखालून जावी लागते. जाताना गाडी, येताना विमान. उलुरूच्या विमानतळावरच गाडी सोडा आणि तिथून थेट सिडनी गाठा.

आधी द्राक्षवाल्याचं बघू. ॲडलेडहून तासाभरावर बरोसा व्हॅली आहे. तिथे 1843 साली लावलेल्या वेली अजून फळ देतात, ओंडक्यासारखी खोडं झालीत. युरोपातले मळे एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने बुडवले, तेव्हापासून तिकडे बहुतेक ठिकाणी कलम केल्याशिवाय वेल लावायची सोय नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात, म्हणजे आमच्या राज्यात, ती कीड आजवर शिरलेली नाही, म्हणून इथे कितीतरी वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. डॉगरिज जातीच्या मुळांवर कलमं बांधण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे बघून काय वाटेल ते त्यालाच विचारा. आमच्याकडे एकदा सांगलीकडचे बागायतदार आले होते. वाइन त्यांनी चाखलीसुद्धा नाही, कुंपणाशी उकिडवे बसून काडीवरचे डोळे मोजत राहिले. आपल्यासारख्या दोन नाहीत, वर्षाला एकच छाटणी आणि तीही थंडीत, यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. ऑगस्टमध्ये इथे थंडी, वेली झोपलेल्या असतात, त्यामुळे काडी नीट बघता येते. फक्त न विचारता ओळीत शिरायचं नाही. कीड बुटाच्या मातीतून येते आणि हे लोक त्या बाबतीत फार कडक आहेत. त्याला बागेतले बूट घरीच ठेवायला सांगा, नवे घेऊन या म्हणावं.

आता रस्ता. पहिला मुक्काम पोर्ट ऑगस्टा, 300 किमी. तिथून स्टुअर्ट हायवे उत्तरेला वळतो आणि थेट डार्विनपर्यंत जातो. पूर्ण डांबरी, साधी कार चालते, फोर व्हील ड्राइव्हवर पैसे घालवू नका. लेक हार्टला थांबा. हायवेपासून थोडं चाललं की रेल्वेचे रूळ, आणि रुळांपलीकडे क्षितिजापर्यंत मीठ. त्याच्या पुढे ग्लेंडॅम्बोला टाकी भरायचीच, निम्मी असली तरी भरायची. तिथून कूबर पेडीपर्यंत 250 किमी पंप नाही. दोन्हीकडची बरीच जमीन वूमेराच्या लष्करी चाचणी क्षेत्रात येते. हायवेवरून जायला हरकत नाही, पण आडवाटेला गाडी घालायची नाही.

कूबर पेडीला दोन रात्री द्या, माझं ऐका. 1915 मध्ये एका पोरसवदा मुलाला इथे ओपल हे रत्न सापडलं आणि तेव्हापासून माणसं जमीन पोखरतायत. उन्हाळ्यात बाहेर 45 अंश झाले तरी जमिनीखाली पंचविशीच्या आतबाहेर असतं, म्हणून निम्मं गाव टेकड्यांच्या पोटात राहतं. घरं, चर्च, हॉटेलं सगळं खाली. भिंतीवर खोदयंत्राचे गोल गोल ओरखडे तसेच ठेवून वरून पॉलिश मारलेलं असतं. दिवा मालवला की स्वतःचा हात दिसत नाही, आवाज शून्य. मित्रांपैकी घोरणारा कोण आहे ते आधी ठरवून त्याला वेगळी खोली द्या, कारण तिथे दुसरा कसलाच आवाज नाही. गावाबाहेर खाणींच्या उघड्या विहिरी आहेत आणि पाट्यांवर लिहिलंय, पळू नका, उलटं चालू नका. फोटो काढताना 'जरा मागे, अजून मागे' करणारे आपण, तेव्हा जपून. गावात एका ठिकाणी खाणीतून काढलेल्या मातीचे ढीग लोकांसाठी मोकळे ठेवलेत. कोणीही बसून ओपल वेचावं, सापडलं तर आपलं. सीएला तिथे सोडा, संध्याकाळपर्यंत उठणार नाही.

पुढचा मुक्काम अर्ल्डंडा. नुसतं रोडहाउस आहे: पंप, खोल्या, खाणं. दुसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेला वळून उलुरू अडीचशे किमी. या वाटेवर डावीकडे एक प्रचंड सपाट माथ्याचा डोंगर दिसतो आणि गाडीत आरडाओरडा होतो, 'आला, आला!' तो माउंट कॉनर. फोटो काढा, पण घरी पाठवताना नाव बरोबर लिहा.

गाडीचा करार मात्र ओळ न ओळ वाचा. दुर्गम भागात सोडायच्या गाडीला पुष्कळदा रोजचे ठरावीक किलोमीटर फुकट आणि वर प्रत्येक किलोमीटरला पैसे असतात. दुसऱ्या गावी सोडायचा आकार वेगळा. चौघांत गाडी चालवणारे जेवढे, तेवढ्यांची नावं करारात हवीत.

मोहरी

मेलबर्नहून खाण्याचं सांगते. रोडहाउसमध्ये शाकाहारी माणसाच्या नशिबी चिप्स, चीज टोस्ट आणि कधीमधी व्हेज बर्गर. दोन दिवस गंमत वाटते, तिसऱ्या दिवशी माणूस चिडचिडा होतो. त्यामुळे छोट्या स्वयंपाकघराच्या खोल्या घ्या आणि ॲडलेडच्या भारतीय दुकानातून तांदूळ, मूगडाळ, पोहे, मसाले भरून घ्या. भारतातून ओझं आणू नका. पेढे, बर्फी, खव्याचं काही तर नकोच. जे आणाल ते देशात शिरताना भरायच्या कार्डावर लिहा, चटणीसुद्धा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड. त्याच कार्डावर गेल्या 30 दिवसांत शेतावर गेला होतात का, असाही प्रश्न असतो. द्राक्षवाल्यांनी खरं ते लिहावं, बूट बघतात आणि सोडतात.

मेलबर्नहून गाडीने ॲडलेडला जाणार असाल तर फळं राज्याची हद्द ओलांडण्याआधीच संपवा. फळमाशीच्या भीतीने दक्षिण ऑस्ट्रेलिया ती आत येऊ देत नाही. आमच्या शहरात मध्यभागी ट्राम फुकट आहे, त्या पट्ट्याबाहेर भाड्यासाठी मायकी कार्ड. ग्रेट ओशन रोड एका दिवसात उरकू नका, एक रात्र अपोलो बेला काढा. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात बरंचसं हाताने खोदून काढलेला रस्ता आहे तो. ऑगस्टमध्ये तिथे वारा बोचतो, कानटोपी आणा. हसू नका, खरंच आणा.

सातपूरकर

सगळ्यांचे आभार! ग्रुपवर टाकलं. सीए गाडीच्या बाजूने आला (ओपल!). डॉक्टरच्या तीन शंका: संध्याकाळी उशिरा गाडी चालवली तर चालेल का? फोन लागतो का? आणि उलुरूवर चढायला किती वेळ लागतो?

मळलेली_वाट

डॉक्टरसाहेब, चढायचं विसरा. 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई बंद आहे. तिथल्या मूळ रहिवासी अनंगू लोकांसाठी ती जागा पवित्र आहे आणि 'चढू नका' ही त्यांची विनंती कित्येक वर्षं पायथ्याला लावलेली होती. मला विचाराल तर चढण्यात काही नव्हतंच, दगडावर उभं राहून दगड कसा दिसणार? पायथ्याने पूर्ण प्रदक्षिणा दहा किमी आहे, सकाळी लवकर सुरू करा. काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, तिथे मोबाईल खिशात. एक सकाळ काटा जुटासाठी, म्हणजे जवळच्याच दगडी घुमटांसाठी राखा. तिथली व्हॅली ऑफ द विंड्स ही पायवाट मला उलुरूपेक्षाही आवडते, पण हे इथे मोठ्याने बोलत नाही.

संध्याकाळी उशिरा बिलकूल नको. अंधार पडताना आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात, गुरंही. पुष्कळ करारांत शहराबाहेर रात्री चालवलं तर विमाच लागू होत नाही. ऑगस्टमध्ये सहाच्या सुमाराला दिवस मावळतो, म्हणून चारला मुक्कामी पोचायच्या हिशेबाने निघा. रोड ट्रेन नावाचे ट्रक भेटतील, 53 मीटरपर्यंत लांब. ओलांडायची घाई नको. समोरून आला तर स्टिअरिंग घट्ट धरा, वाऱ्याने गाडी हलते. आणि समोरचा ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलेल, तुम्हीही उचला. तो तिकडचा रामराम.

फोनला टेल्स्ट्राचं सिम घ्या, तरी गावं आणि रोडहाउस सोडली तर बहुतेक ठिकाणी शून्य. नकाशे आधी उतरवून ठेवा, माणशी दहा लिटर पाणी गाडीत ठेवा. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचं नाही, कोणी ना कोणी थांबतंच.

गंप्या_सिडनी

बरं, हरलो. सिडनीला याल तेव्हा सीएला हॅरिस पार्कला घेऊन या, तिथे शाकाहारी जेवणाची चंगळ आहे. आणि इथे बस-ट्रेन-फेरीला वेगळं कार्ड काढत बसू नका, तुमचंच बँकेचं कार्ड टेकवलं की चालतं. प्रत्येकाचं वेगळं मात्र लागेल, एकाच कार्डावर चौघं जाता येत नाही.