वजनकाट्याचे अर्धेच आकडे बरोबर येतात, सिरियल पोर्टची सेटिंग काय करू?

काट्यावरची:
नमस्कार. राळेगावच्या पुढे एका जिनिंगच्या काट्यावर मी पावत्या करते. इंडिकेटरच्या डिस्प्लेत शेकड्याच्या घरातला एक दांडा जळाला आहे, त्यामुळं ८ आणि ६ सारखेच दिसतात. म्हणजे सरळ दोन क्विंटलचा फरक, आणि त्यावरून रोज एक तरी भांडण. दुरुस्तीवाला दोन आठवड्यांपासून ‘उद्या’ येऊन राहिला. इंडिकेटरच्या मागं ९ पिनचं सॉकेट आहे, म्हणून म्हटलं आकडा लॅपटॉपवरच पाहू. लॅपटॉपमध्ये उबुंटू आहे, केबल पीएल२३०३ चिपवाली यूएसबीची. परमिशन मिळत नव्हती, डायलआउट ग्रुपमध्ये नाव घालून, लॉगआउट करून परत आली तेव्हा पोर्ट उघडलं. मग हे केलं (मोबाइलवर मराठीच कीबोर्ड आहे, कमांड उच्चाराप्रमाणे लिहिते, समजून घ्या):

एसटीटीवाय -एफ /डेव्ह/टीटीवाययूएसबी० २४०० सीएस८ -पॅरेनबी -सीएसटॉपबी रॉ
कॅट /डेव्ह/टीटीवाययूएसबी०

१२००, ४८००, ९६०० वर निव्वळ कचरा येते. २४०० वर रिकाम्या काट्याचे ०००००० स्वच्छ आले. ५३६० चा ट्रॅक्टर लागला, तोही ००५३६० बरोबर. मी शेठला बोलावून दाखवलं. तेवढ्यात कापसाचा पिकअप लागला, २८४० किलोचा. तर ००, मग काळ्या चौकटीत तीन प्रश्नचिन्हं, मग ०. शेठ काही बोलले नाहीत, नुसते निघून गेले. शिवाय वजनं एकामागं एक चिकटूनच येतात, ओळ तुटत नाही, मधात एकेक चौकट. काहून होत असन असं?

नागपूरवाला:
बॉड रेट (आकडे पाठवण्याचा वेग, तुमचे २४००, ९६०० तेच) चुकला असन. एकेक करून पाहा. नाही तर केबल बदला.

काट्यावरची:
भाऊ, बॉड रेट सगळे पाहून झाले, वर लिहिलं आहे. केबल खराब आहे का हे कसं कळन? दुसरी आणायची तर यवतमाळला जा लागते.

जुना काटेवाला:
केबल नका बदलू. केबल खराब असती तर ५३६० कधीच धड आला नसता. (तरी खात्री पाहिजे असन तर इंडिकेटरपासून काढून तिच्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेनं जोडा. जे पाठवलं ते परत आलं तर केबल चांगली.)

ताई, तुमच्या बरोबर आलेल्या आकड्यांतच उत्तर आहे. ०, ३, ५, ६ नीट आले. ९ आला तर तोही नीट येईल, लिहून ठेवा. बिघडतील ते १, २, ४, ७, ८. प्रत्येक आकडा ७ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या सात घरांत जाते. ० मध्ये १ दोनदा येते. ३, ५, ६, ९ मध्ये चारदा, म्हणजे सम. १, २, ४, ८ मध्ये तीनदा आणि ७ मध्ये पाचदा, म्हणजे विषम. तुमचा काटा ७ बिट, इव्हन पॅरिटीवर आहे. आकड्यात १ विषम वेळा आला की तो पॅरिटीचा जास्तीचा बिट १ करून संख्या सम करते. तुम्ही सीएस८, म्हणजे ८ बिट लावलं, तर लॅपटॉप तो बिट अक्षराचाच समजते आणि चौकट दाखवते. ओळ न तुटण्याचंही तेच. ओळीच्या शेवटी येणारं सीआर म्हणजे १३, त्यातही १ तीनदा, म्हणून ते १४१ होऊन येते.

सुरुवातीचा आणि शेवटचा (स्टार्ट-स्टॉप) बिट धरून दोन्ही पद्धतींत १० बिटच होतात. म्हणून लांबी जुळते, अर्धे आकडे खरे दिसतात आणि माणूस फसते. मी स्वतः हिंगणघाटला एका काट्यापाशी अख्खी दुपार घालवली होती, कारण त्या दिवशी आलेल्या पहिल्या दोन गाड्या ‘चांगल्या’ निघाल्या.

हे टाका:
एसटीटीवाय -एफ /डेव्ह/टीटीवाययूएसबी० २४०० रॉ इव्हनपी -सीएसटॉपबी सीलोकल -सीआरटीएससीटीएस -इको आयसीआरएनएल

इव्हनपी म्हणजे ७ बिट आणि इव्हन पॅरिटी एकदमच. आयसीआरएनएलनं सीआरची नवी ओळ होते. मग पोर्टच्या नावापुढं सेटिंगऐवजी नुसतं -ए लावून सगळी सेटिंग वाचून घ्या.

आणि खरं म्हणजे तुमचा ८-६ चा झगडा चुकीच्या सेटिंगनंही मिटलाच होता. चौकट आली तर ८, नाही तर ६!

वर्धा_लिनक्स:
काटेवाले काकांचं बरोबर आहे. एखाद्या स्वस्त केबलला ७ बिट जमलेच नाहीत तर जुगाड: सीएस८ -पॅरेनबी तसंच ठेवून रॉच्या नंतर आयस्ट्रिप लावा, आठवा बिट लिनक्सच कापून टाकते. दुसरं म्हणजे केबल निघाली किंवा लॅपटॉप रीस्टार्ट झाला की पोर्ट परत ९६०० आणि ८ बिटांवर येते. जुनं पोर्ट एखाद्या प्रोग्रॅमनं धरून ठेवलं असलं तर नवं टीटीवाययूएसबी१ होऊन बसते. म्हणून /डेव्ह/सिरियल/बाय-आयडी मधलं लांबलचक नाव वापरा, ते बदलत नाही.

काट्यावरची:
काका, झालं! आधी नाही झालं, कारण मी आयसीआरएनएल अगोदर लिहून रॉ मागून लिहिलं. वजन बरोबर, पण सगळे आकडे एकाच ओळीवर नाचत होते. क्रम बदलला तेव्हा नीट एकाखाली एक आले. रॉ मागून आलं की आधीचं पुसते, हे कुठं लिहून तरी ठेवायचं ना.

आज १७ गाड्या झाल्या. ९ बरोबर आला, १ आणि ७ पण. बाय-आयडीचं नाव टाकून दोन्ही कमांड एका फाइलीत ठेवल्या, कारण भरला ट्रॅक्टर उतरला की टेबल हालते आणि केबल निघते. तिला सध्या चिंधीनं बांधलं आहे.

एक राहिलं. काटा सेकंदाला बरेचदा वजन पाठवते, गाडी हालत असतानाही. गाडी थांबल्यावरचंच वजन कसं धरू?

जुना काटेवाला:
एकसारखे दहा आकडे लागोपाठ आले की तेच घ्या. बऱ्याच इंडिकेटरांत मेन्यूमध्ये ‘स्थिर झाल्यावरच पाठव’ अशी सोय असते, मॉडेल सांगा म्हणजे पाहून सांगतो. पण कॅलिब्रेशनच्या सिलाला हात लावू नका, मेन्यूपुरतंच.