मदत हवी आहे: हिमोफिलियाची 'वाहक', पण फॅक्टर १७ टक्के. एक्स-निष्क्रियतेची चाचणी करावी का?

नमस्कार. माझ्या भावाला तीव्र हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त गोठायला लागणारं फॅक्टर आठ हे प्रथिन त्याच्यात जवळपास नाहीच. आई आणि मी दोघी वाहक, म्हणजे आमच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकावर हा दोष आहे. "वाहक बाईला काही होत नाही, दुसरा एक्स सांभाळून घेतो," हे लहानपणापासून ऐकत आले. म्हणून पाळीत आठ-नऊ दिवस अंगावरून जायचं, तेही मी अंगवळणी पाडून घेतलं.

चार महिन्यांपूर्वी अक्कलदाढ काढली. संध्याकाळी थांबलेलं रक्त रात्री पुन्हा सुरू झालं. गॉजची घडी दाताखाली दाबून धरायची, भिजली की बदलायची, असं पहाटेपर्यंत. शेवटी भावानेच बजावलं, "ताई, तुझं फॅक्टर आठ बघून घे." आकडा आला १७. आईचं ५८. जनुकातला दोष मात्र दोघींचा एकच!

डॉक्टरांनी समजावलं ते असं: गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स बंद करते आणि तिच्यापासून होणाऱ्या सगळ्या पेशी तोच बंद ठेवतात. हीच एक्स-निष्क्रियता; जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये ती मांडली. तिरंगी मांजरीच्या अंगावरचे काळे-नारिंगी डागही त्यातलेच. वाटणी साधारण निम्मी-निम्मी होते, पण काही जणींत ती ८०:२० किंवा त्याहूनही एकतर्फी, म्हणजे 'स्क्यूड' असते. माझ्यात चांगला एक्सच जास्त पेशींत बंद पडला असावा.

माझी अडचण ही आहे की ही वाटणी मोजणारी चाचणी होते रक्तातल्या पेशींवर, आणि फॅक्टर आठ तयार होतो मुख्यतः यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात. दोन्हीकडे वाटणी सारखीच असेल असं नाही. वयानुसार रक्तातला एकतर्फीपणा वाढतो तो वेगळाच. शिवाय माझा रक्तगट ओ, त्यातही फॅक्टर थोडा कमीच असतो. ज्यांनी ही चाचणी केली, त्यांच्या उपचारांत तिच्यामुळे काही बदललं का?

माझ्या फाइलवर अजून 'वाहक' एवढंच आहे. २०२१ पासूनच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ५ ते ४० टक्क्यांच्या मधली बाई सौम्य हिमोफिलियाची रुग्ण धरतात. कुणी नोंद बदलून घेतली आहे का? पुढच्या शस्त्रक्रियेआधी मला ती हवी आहे.

मुलगी नऊ वर्षांची आहे. सदोष एक्स तिच्याकडे जाण्याची शक्यता निम्मी. माझ्यासारखी वाटणी तिची होईलच असं नाही. पाळी सुरू होण्याआधी तिचा फॅक्टर तपासायचा, हे ठरलंय. तुम्ही तुमच्या मुलींना हे कोणत्या शब्दांत सांगितलंत?