गंजलेल्या रिमला रंग मारावा की रिमच बदलावी?

मालवणचा स्प्लेंडरवाला
माझी स्प्लेंडर २०११ची, स्पोकची. खाऱ्या वाऱ्यात क्रोम टिकत नाही, पुढच्या रिमला फोड आलेत. बजेट ३,००० रुपये. माझं मत, अलॉयच्या (बिनतारांच्या ओतीव चाकाच्या) मागे न लागता घरीच रंगवावी. गुळगुळीत क्रोमवर रंग धरत नाही, म्हणून आधी ३२० नंबरचा पॉलिश पेपर, मग इपॉक्सी प्रायमर, ६००चा हलका हात, सिल्व्हर आणि वर क्लिअर. घासण्यातच अर्धा दिवस जातो. मागची रिम अशीच रंगवली होती, दोन पावसाळे झाले तरी रंग शाबूत आहे.

गॅरेजवाला, चिपळूण
दादा, बाहेरून शाबूत आहे, पण आतून? टायर उतरवून रिमपट्टी (ट्यूबखालची रबरी पट्टी) काढून बघितली का? पाणी व्हॉल्व्हच्या आणि निपलच्या (तार ताणायच्या नटाच्या) भोकांतून आत शिरतं आणि पट्टीखाली बसून राहतं. परवाच एक रिम आली, बाहेरून चकचकीत. पट्टी सोलली तर खाली तपकिरी पापुद्रे, आणि निपलच्या भोकाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला तर पत्रा आत दबला. अशा रिमच्या तारा ताणल्या की निपल पत्रा फाडून निघतो. तिला रंग लावून काय उपयोग? नवी रिम आणि तारांचा सेट घ्या, हब तोच चालतो. चाकाचा आउट, म्हणजे डगमग, मात्र जाणत्या माणसाकडूनच काढून घ्या.

घाटातला रायडर
मला दोन्ही पटत नाही. त्याच मॉडेलचे जुने ट्यूबलेस अलॉय घ्या आणि पावडर कोटिंग (पावडरचा, भट्टीत भाजलेला रंग) करा. रात्री घाट उतरताना माझ्या पुढच्या चाकाची ट्यूब फुटली होती. हँडल असं ओढलं की गाडी कठड्याला टेकली. ट्यूबलेसमध्ये खिळा रुतला तरी हवा बहुतेकदा हळूहळू जाते.

गॅरेजवाला, चिपळूण
जुन्या अलॉयलाच माझा विरोध आहे. खड्ड्यात वाकलेली कड गॅसवर तापवून ठोकून सरळ करतात. तिथे धातू कमजोर होतो, केसासारखी चीर पडते आणि कोटिंगखाली ती दिसतच नाही. घ्यायचंच तर रंग उतरवलेलं उघडं चाक घ्या, फिरवून बघा, मग कोटिंगला द्या. भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असते, बेअरिंग आधी काढा.

घाटातला रायडर
चिरेचं मान्य. उघडं चाक बघूनच घेईन, पण ट्यूब पुन्हा घालणार नाही.

मालवणचा स्प्लेंडरवाला
आज मागचं चाक उघडलं. व्हॉल्व्हच्या भोकाशी बोटभर गंज आणि तीन निपल जाम. भोकं एकेक करून दाबून बघितली, पत्रा घट्ट आहे. मी आत कधी बघितलंच नव्हतं, ही चूक माझी. मागची आतून वायर ब्रशने घासून प्रायमर मारतो, पुढची नवीच घेतो. अलॉयला मात्र अजूनही नाहीच. तार तुटली तर आमच्या नाक्यावरचा सायकलवालासुद्धा बदलून देतो.