ओडिसी, अकरावा सर्ग: ओडिस्यूस पाताळात उतरतो का?

जुनीपोथी:
होमरच्या 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्याच्या अकराव्या सर्गाचं मराठी अभिवाचन बसवतोय. त्यात नायक ओडिस्यूस खड्डा खणून मृतांना भेटतो. 'ओडिस्यूस पाताळात उतरला' असं सगळीकडे वाचलं, पण उतरल्याची ओळच सापडत नाही. खड्ड्यापाशी तो काय काय करतो आणि कोणत्या क्रमाने? ओतण्याच्या विधीला 'तर्पण' म्हटलं तर चालेल?

उंबरठा:
तो उतरतच नाही, मग ओळ सापडणार कुठून! जगाला वेढणारी ओकेआनोस नदी ओलांडून जहाज किमेरियन लोकांच्या धुक्यात बुडालेल्या मुलखाला लागतं. तिथून सर्सी या जादूगारणीने सांगितलेल्या जागेपर्यंत तो चालत जातो. पिरिफ्लेगेथोन आणि कोकिटोस या पाताळातल्या नद्या आखेरोन नदीला मिळतात, तिथला खडक ही खूण. तिथे बसून तो मृतांना वर बोलावतो. या सर्गाला ग्रीकमध्ये 'नेकिया' म्हणतात. खाली उतरण्याला 'काताबासिस' हा वेगळा शब्द आहे. पाताळाचा राजा हेडीस याचा कुत्रा आणायला हेराक्लीस गेला, ती काताबासिस.

क्रम असा. तलवारीने खड्डा खणायचा, लांबी-रुंदी एकेक 'पिगोन', म्हणजे सुमारे 38 सेंटीमीटर. आपला मुंढा हात, कोपरापासून मिटलेल्या मुठीपर्यंत, साधारण एवढाच. खोली दिलेली नाही. खड्ड्याभोवती आधी मध-दूध एकत्र, मग गोड वाइन, मग पाणी ओतायचं आणि वरून सातूचं पांढरं पीठ भुरभुरायचं. त्यानंतर नवस: इथाकाला परतल्यावर मृतांना वांझ गाय आणि एकट्या टायरेसियसला, म्हणजे ज्या मृत द्रष्ट्याला भविष्य विचारायचं त्याला, पूर्ण काळा मेंढा. मग एक मेंढा आणि एक काळी मेंढी कापून रक्त खड्ड्यात सोडायचं. कापताना जनावरांची तोंडं एरेबोसच्या, म्हणजे पाताळाच्या, अंधाराकडे, कापणाऱ्याचं तोंड मात्र उलट, नदीच्या प्रवाहाकडे. ही पाठ फिरवण्याची ओळ अकराव्या सर्गात नाही, दहाव्यात सर्सीच्या सूचनांत आहे; अभिवाचनात ती तिथून जरूर घ्या, सगळी भीती तिच्यात आहे.

कोरडीनदी:
'तर्पण' नको. तर्पणात पितरांना तृप्त करायचं असतं. इथे ओडिस्यूसला हवाय एकटा टायरेसियस, म्हणून बाकीच्यांना तो तलवार उपसून रक्तापासून लांब ठेवतो. 'तीनदा ओतलं' असं क्रियापदानेच सांगा.

रक्ताचा नियमही सांभाळा, सादरीकरणात घोळ होतो तो इथेच. साध्या मृताला रक्त प्यायल्याशिवाय भान येत नाही. ओडिस्यूसचा मेलेला सोबती एल्पेनोर न पिता बोलतो, कारण त्याच्यावर अजून अंत्यसंस्कार झालेले नाहीत. टायरेसियसची बुद्धी पाताळाची राणी पर्सेफोने हिने शाबूत ठेवली आहे, तो ओळखतो आधी आणि भविष्य सांगतो ते पिऊन. आई आंटिक्लेया या दोघांच्या मध्ये येते. ओडिस्यूस ट्रॉयला निघाला तेव्हा ती जिवंत होती. ती गेल्याचं त्याला इथेच कळतं. डोळ्यांत पाणी येतं, तरी तो तिला रक्तापाशी येऊ देत नाही. ती रक्ताजवळ गप्प बसून राहते, मुलाकडे बघतही नाही. टायरेसियस गेल्यावर ती पिते आणि त्या क्षणी ओळखते. मग तो तीनदा मिठी मारायला जातो, तीनदा ती सावलीसारखी हातांतून निसटते. इथे वाचनाचा वेग कमी करा.

जुनीपोथी:
मग पाताळात शिक्षा भोगणारे टँटालस आणि सिसिफस? ते तर वर येत नाहीत.

उंबरठा:
बरोबर पकडलंत. ओळ 568 पासून मिनोस, ओरायन, टिटियोस, टँटालस, सिसिफस हे सगळे आपापल्या जागीच दिसतात. तळ्यात उभा टँटालस किंवा डोंगरावर धोंडा ढकलणारा सिसिफस खड्ड्यापाशी येणार कसा? अलेक्झांड्रियाच्या प्राचीन टीकाकारांनीही 568 ते 627 हा भाग मागाहून घातलेला मानला. वेळ कमी असेल तर कात्री तिथे लावा. मग ट्रॉयच्या युद्धातले मृत वीर अकिलीस आणि पाठ फिरवून न बोलता जाणारा एजॅक्स यांना पुरेसा वेळ मिळेल. मात्र 628 पासूनचा शेवट ठेवा: हजारो मृत आरडाओरडा करत जमतात, पर्सेफोने गॉर्गोन या राक्षसिणीचं मुंडकं पाठवेल या धास्तीने तो जहाज गाठतो आणि दोर सोडायला सांगतो.

कोरडीनदी:
आणि मृतांना नदीपार नेणारा नावाडी खारोन घालू नका. होमरमध्ये तो नाहीच.